दुसऱ्या कवचात नऊ

अणूचा धडा सुरू करायच्या दिवशी खरात सर मुलांना आधी पुस्तकातलं चित्र उघडायला लावत. मध्ये मोठा ठिपका, त्याभोवती वर्तुळं, वर्तुळांवर बारके ठिपके. सगळ्यांचं बघून झालं की सर म्हणत, "हे चित्र खोटं आहे."

मुलं पुन्हा चित्राकडे बघत. पुस्तकातलं काही खोटं असू शकतं, हे आठवीतल्या मुलांना तोवर कुणी सांगितलेलं नसे. सर पुढे म्हणत, "परीक्षेत मात्र हेच काढायचं, आणि स्वच्छ काढायचं. काढताना फक्त मनात ठेवायचं, की हे असं नाही."

मग ते वर्गाला मैदानावर नेत. शाळा इंदापूर तालुक्यात, डाळजच्या बाजूला, पुणे-सोलापूर हमरस्त्यापासून आत होती. आठवी ते दहावी, तीन खोल्या, वर पत्रे. मैदानाच्या तीन बाजूंना ऊस. मैदानाच्या मध्यभागी सर बाजरीचा एक दाणा ठेवत. दाणा मातीत हरवू नये म्हणून त्याच्या शेजारी स्वतःची चप्पल काढून ठेवत आणि बजावत, "चप्पल म्हणजे केंद्रक नव्हे. केंद्रक दाणा आहे."

"आता सांगा, हा दाणा केंद्रक धरला, तर इलेक्ट्रॉन कुठं?"

कुणीतरी दोन पावलांवर उभा राहून म्हणे, "हितं."

"अजून लांब."

"हितं?"

"अजून."

मुलगा मागे सरकत सरकत कुंपणाला टेके. "सर, म्होरं ऊस हाय."

"मग उसात."

मुलं हसत. कुणीतरी विचारी, "मग मधी काय हाय, सर?"

"काही नाही."

"हवा?"

"हवासुद्धा अणूंचीच असते. मध्ये हवापण नाही."

एवढं झालं की सर चप्पल घालत. दाणा तिथेच राही.

मी या शाळेच्या सुरुवातीच्या एका तुकडीत शिकलो. पुढे एका दैनिकाचा तालुका वार्ताहर झालो आणि बातम्यांच्या निमित्ताने सरांना भेटत राहिलो. दत्तात्रय खरात मूळचे बारामती तालुक्यातल्या कोऱ्हाळे बुद्रुकचे. राहायला बारामतीत, भिगवण रस्त्याला. सकाळी पाळीचे कामगार मोटारसायकलींवरून एमआयडीसीत शिरत, तेव्हा सर त्यांच्यातून वाट काढत पुढे भिगवणकडे जात. अंगाने बारीक, आवाज मोठा. पँटची खालची किनार कायम पांढरी, कारण मैदानावर फक्कीच्या रेघा ते शिपायाला मारू देत नसत. "त्याची वर्तुळं कबड्डीच्या मैदानासारखी चौकोनी होतात," असं त्यांचं म्हणणं होतं. शिपाई लोंढेमामा यावर म्हणत, "सरांचं गोल आन् माजं गोल, कोंबडी दोनीवरनं बी चालतीच."

फक्कीच्या वर्तुळांचा कार्यक्रम दुसऱ्या दिवशी असे. "आज जे करणार आहोत तेही खोटंच," सर आधी कबूल करत. "पण उपयोगाचं खोटं आहे." मधोमध विटा रचत. गेरूने रंगवलेल्या विटा म्हणजे प्रोटॉन, कोऱ्या विटा म्हणजे न्यूट्रॉन. भोवती चार वर्तुळं, म्हणजे के, एल, एम आणि एन ही कवचं. इलेक्ट्रॉन मुलं होत. आमच्या तुकडीत एकाच्या पायाला प्लास्टर होतं. सरांनी त्याला मध्ये विटांवर बसवलं आणि न्यूट्रॉन म्हणून जाहीर केलं. तो कुरकुरला, "मला कायच काम न्हाय." सर म्हणाले, "प्रोटॉन एकमेकांना ढकलत असतात. तुझ्यासारखे मध्ये आहेत म्हणून ते केंद्रक फुटत नाही. बसून राहा." तो बसून राहिला, आणि पुढे वर्षभर गावात न्यूट्रॉन याच नावाने ओळखला गेला.

अणूत उभं राहण्याला एक नियम होता. आपण तिथे का उभे आहोत हे सांगता आलं पाहिजे. सर वर्तुळावरून फिरत आणि कुणासमोरही थांबत. या दिवशी ते मुलांना अहो-जाहो करत.

"आपण कोण?"

"एल कवचातला पाचवा इलेक्ट्रॉन, सर."

"आतल्या कवचात का नाही गेलात?"

"तितं दोनच मावत्यात, सर."

"जागा तर भरपूर दिसते."

"दिसू द्या. दोनच मावत्यात."

हे उत्तर सरांना फार आवडे. ज्याला सांगता येत नसे त्याला ते वर्तुळाबाहेर काढत आणि पाठ झाल्यावर परत घेत. पाहुणे आले, फोटो काढायचा असला, तरी चुकीचा अणू त्यांनी कधी उभा राहू दिला नाही. एकदा स्थानिक पुढाऱ्याच्या वाढदिवसाला शाळेत वह्यावाटप होतं. कार्यकर्त्यांनी फोटोसाठी पुढाऱ्यांना केंद्रकात उभं करायचं ठरवलं. सर म्हणाले, "करा. पण मग त्यांच्या अंगाला गेरू लावावा लागेल." फोटो झाला नाही.

आमच्या वेळी वर्गात मुलं इतकी होती, की वीस जणांचं कॅल्शियम करूनही बघे उरत. त्यांची पाळी दुसऱ्या दिवशी येई. मग हमरस्त्यावरून पिवळ्या गाड्या आत येऊ लागल्या. भिगवणला आणि बारामतीला इंग्रजी शाळा निघाल्या होत्या. गाडी दारात येई, मुलाला टाय असे. आमच्या शाळेत आधी बघे संपले. मग एका वर्षी कॅल्शियम झालं नाही, अरगॉन झाला. पुढच्या वर्षी क्लोरिन. नंतर वाटेतली सगळी मूलद्रव्यं एकेक करून येऊन गेली. न लागलेल्या विटा लोंढेमामा वर्गाच्या भिंतीला लावून रचत, आणि ती रास दरवर्षी थोडी उंच होई. सरांनी याबद्दल कधी तक्रार केल्याचं मला आठवत नाही. बातमीसाठी विचारलं तर म्हणत, "क्लोरिनही चांगला असतो. शेवटच्या कवचात एक कमी असलेला अणू शिकवायला सोपा जातो."

मे महिन्यात ते मोटारसायकलवरून वस्त्यांवर फिरत आणि मुलं मागत. एकदा मी सोबत होतो. डाळजच्या पुढच्या एका वस्तीवर एका तात्यांनी बाज टाकली, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर, तुमचं पोरगं कुठल्या शाळंत शिकलं?"

सर म्हणाले, "बारामतीत."

"मराठी का इंग्लिस?"

"इंग्लिश."

तात्यांनी पाण्याचा तांब्या उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "च्या घ्या." सरांनी चहा घेतला. परतताना त्यांनी हमरस्त्याच्या कडेला गाडी उभी केली आणि उगाच चाकात हवा आहे का ते बघितलं. हवा होती.

सरांचे वडील, आबा, कोऱ्हाळ्यातच राहत. घराण्यात पहिल्यांदा शाळेची पायरी चढलेले तेच. त्यांच्या वडिलांनी धम्म स्वीकारला आणि पोराला शाळेत घातलं, दोन्ही पाठोपाठ. शाळा बंद होणार अशी कुणकुण आबांच्या कानावर गेली होती. मी एकदा सरांबरोबर तिकडे गेलो, तेव्हा आबांनी दुसरं काही विचारलं नाही. "दत्ता, आपल्याला शाळा लई उशिरा मिळाली," ते म्हणाले. "मिळाल्याली मोडू नगंस."

"माझ्या हातात आहे का ते, आबा?"

"मग कुनाच्या हातात हाय?"

शेवटच्या वर्षी आठवीत अकरा मुलं होती. सोडियम. त्यांच्यात मनीषा नावाची एक मुलगी होती. आजोबांच्या काळात घरात मेंढरं होती. आता थोडी शेती होती आणि वडील टेम्पो चालवत. बाजरीच्या दाण्याच्या दिवशी मुलं उसाकडे बघून हसत असताना तिने विचारलं, "सर, मधी जर कायच न्हाय, तर मी बाकड्यातनं खाली का पडत न्हाय?"

सरांनी हे मला त्याच आठवड्यात फोन करून सांगितलं. ते बातमीसाठी कधी फोन करत नसत. "इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता," ते म्हणाले. तिला काय उत्तर दिलं, असं मी विचारलं. "तिला सांगितलं, बाहेरचे इलेक्ट्रॉन एकमेकांना आत येऊ देत नाहीत. पण हे अर्धं उत्तर आहे. उरलेलं अकरावीत मिळेल. म्हटलं, तोवर शाळा सोडायची नाही."

त्याच वर्षी पटपडताळणी लागली. ठरलेल्यापेक्षा पट कमी भरला तर शाळा बंद होणार आणि मुलं हमरस्त्यापलीकडच्या मोठ्या शाळेत जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. हमरस्ता ओलांडून त्या पलीकडच्या शाळेत आपल्या मुली पाठवणार नाहीत असं सांगणारी घरंही सगळ्यांना ठाऊक होती. मनीषाचं घर त्यांतलं एक.

पुढचं मी पाहिलेलं नाही. हेडसर, लोंढेमामा आणि मनीषा यांनी वेगवेगळ्या वेळी सांगितलं आणि ते एकमेकांशी जुळतं.

पडताळणीच्या सकाळी हेडसरांनी दुसऱ्या एका वाडीतल्या शाळेतून नऊ मुलं जीपमध्ये घालून आणली आणि आठवीच्या वर्गात बसवली. पटावर आणखी नऊ नावं होती, पण ती मुलं केव्हापासूनच पिवळ्या गाडीने इंग्रजी शाळेत जात होती. त्यांच्या जागी ही. हेडसरांनी खरात सरांना बाजूला घेतलं. "आजच्यापुरती आपली," ते म्हणाले. सरांनी स्वतः बाकं सरकवून नऊ जणांना जागा करून दिली. एका मुलीच्या वेण्यांना लाल रिबिनी होत्या, या शाळेत पांढऱ्या लागत. तीही सरांच्याच लक्षात आली. त्यांनी मनीषाला सांगून तिच्या रिबिनी बदलायला लावल्या.

अधिकारी आले. त्यांनी मुलं मोजली, नावं पुकारली. उसन्या मुलांनी पढवल्याप्रमाणे हजेरी दिली. काम जवळपास संपलं होतं. निघताना अधिकारी सहज म्हणाले, "मैदानावर अणू करतात ते सर तुम्हीच ना? खूप ऐकलंय. दाखवा की."

हेडसर म्हणाले, "साहेब, ऊन फार आहे."

"दोन मिनिटं बघू."

मुलं मैदानावर आली. इथे लोंढेमामांचं सांगणं महत्त्वाचं आहे. ते म्हणाले, "सरांनी पोरं बगितली. ईस पोरं. लई वर्सांनी ईस पोरं त्येंच्या म्होरं हुबी हुती. त्येंचा चेहराच बदलला. मला म्हनलं, मामा, भिंतीच्या विटा आणा. मी म्हनलं, सर, ऱ्हाऊ द्या, अकराचं करा. त्येंनी ऐकलंच न्हाय. सोता विटा आणाय पळालं."

सरांनी गेरूच्या वीस आणि कोऱ्या वीस विटा मधोमध रचल्या. फक्की मारली. चौथं वर्तुळ मारायला मैदान कमी पडलं, कारण तीन वर्तुळांची सवय झाली होती. पहिली दोन पुसून त्यांनी पुन्हा मारली. अधिकारी सावलीत खुर्चीवर बसून बघत होते. मुलं धावत जागा घेऊ लागली. आठवीच्या मुलांना आपली जागा माहीत होती. उसनी मुलं गर्दी दिसेल तिथे शिरली.

सर नेहमीप्रमाणे आतून बाहेर फिरत निघाले. के कवच, दोन. एल कवचाशी आले आणि थांबले.

"दुसऱ्या कवचात नऊ?"

मुलं एकमेकांकडे बघू लागली.

"नववं कोण आहे? एल कवचात नववा इलेक्ट्रॉन येतोच कसा?" सरांचा आवाज चढला. त्यांचं बोट फिरत फिरत पांढऱ्या रिबिनींच्या त्या मुलीवर थांबलं. "आपण कोण?"

मुलगी रिबीन चाचपू लागली.

"इथं का उभ्या आहात ते सांगा."

"मला न्हाय म्हाईत, सर."

"धडा शिकवला तेव्हा कुठं होता?"

मुलीने खरं ते सांगितलं. "माज्या शाळंत."

मनीषा सांगत होती, "सरांना त्ये ऐकूच गेलं न्हाय. त्येंनी तिचा हात धरला, बाहेर नेऊन एम कवचावर उभी केली, आन् म्हनलं, हितं. कारन आत आठच मावत्यात. तिनं मान हलवली. मग सर मागं वळलं आन् साहेबांकडं बगितलं. साहेब हुबं ऱ्हायलं हुतं."

अधिकारी मैदानात आले. ओरडले नाहीत. मुलीला त्यांनी शाळेचं नाव विचारलं, ते तिने सांगितलं. मग अजून कोण कोण त्या शाळेतलं आहे असं विचारल्यावर आठ हात वर झाले. सरांच्या मुलांपैकी कुणी चुकूनही हात वर केला नाही. अधिकाऱ्यांनी कागदावर खाडाखोड केली आणि जाताना सरांना म्हणाले, "शिकवता चांगलं."

हेडसरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "सर, एक पोरगी इकडची तिकडं उभी राहिली असती तर आभाळ कोसळणार होतं का?" सर विटा उचलत होते. ते उचलत राहिले.

मला ते काही दिवसांनी भिगवणला चहाच्या टपरीवर भेटले. मी विचारलं नव्हतं, तेच बोलले. वर्गात ते प्रमाणभाषा सोडत नसत, त्या दिवशी सोडली. "मला ती पोरगी दिसलीच न्हाय. सकाळी मीच तिच्या रिबिनी बदलल्या, आन् तितं मला ती दिसली न्हाय. मला नऊ दिसले." चहा तसाच होता. "आबांनी इचारलं. मी सांगितलं, माझ्या हातनंच मोडली."

ते खरं नव्हतं, असं मला तेव्हाही वाटलं. नऊ मुलं उसनी आणावी लागतात ती शाळा आधीच मोडलेली असते. मी तसं म्हणालो. सर म्हणाले, "दोन वर्षं मिळाली असती. तिची दहावी झाली असती."

जूनमध्ये शाळा उघडली नाही. मुलांची नावं पलीकडच्या शाळेत गेली. मुलगे सायकलींवरून हमरस्ता ओलांडू लागले. सर मनीषाच्या घरी गेले, तेव्हा मीही गेलो. वडील अंगणात टेम्पो धूत होते.

"मी स्वतः नेतो तिला," सर म्हणाले. "सकाळी याच रस्त्यानं येईन. संध्याकाळी आणून सोडीन."

"किती दिस न्याल, सर?"

"दहावीपर्यंत."

"तुमची बदली कुठं व्हती ते तुमाला तरी ठावं हाय का?" वडील पाइप बाजूला ठेवून म्हणाले. ते रागावलेले नव्हते. "आन् पोरगी रोज सरांच्या गाडीवर बसून जाती म्हनल्यावर सोयरं काय म्हनतील? शाळा दारात हुती तवर धाडली का न्हाय? कवा अडवली का?"

"नाही अडवली."

"मग."

मनीषा दारात उभी होती. सरांनी तिच्याकडे बघितलं. तिनेच विचारलं, "सर, पानी घेता?" सर नको म्हणाले. आम्ही निघालो. त्या मुलीने नववीत पाऊल टाकलं नाही. आता ती रोपवाटिकेत कामाला जाते. पुढच्या वर्षी लग्नाचं बघणार आहेत, असं तिची आई सांगते.

सर अतिरिक्त ठरले. बारामतीच्या एका मोठ्या शाळेत त्यांचं समायोजन झालं. तिथे विज्ञानाच्या जागा भरलेल्या होत्या, म्हणून त्यांच्याकडे ओळखपत्रं, ऑनलाइन माहिती भरणं आणि फाटकावरची देखरेख आली. सहा महिन्यांनी आबा गेले. माती सावडायला गर्दी होती. नंतर फोन केला तर सर उचलत, आणि "बरं आहे" म्हणत. अणूबद्दल मी एकदाच विचारलं. ते म्हणाले, "तो आता दुसरे शिकवतात."

गेल्या हिवाळ्यात त्या शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. मी बातमीसाठी गेलो होतो. सभागृहात निळी कापडं घातलेली टेबलं, त्यांच्यावर प्रतिकृती, मागे टाय लावलेली मुलं. एका टेबलावर अणू होता. थर्माकोलचं केंद्रक, तारेच्या कड्या आणि त्यांच्यावर मोटारीने फिरणारे बारीक लाल दिवे. खूप सुरेख काम होतं. एक मुलगी पाठ केलेली माहिती इंग्रजीत पुन्हा पुन्हा म्हणून बघत होती. प्रमुख पाहुणे दोन टेबलं अलीकडे पोचले होते, आणि तेवढ्यात दिवे थांबले.

मुलीने इकडेतिकडे बघितलं. भिंतीशी खुर्च्यांची चळत घेऊन एक बारीक अंगाचा माणूस उभा होता. तिने हाक मारली, "काका! ओ काका, वायर लूज झालीये."

खरात सरांनी खुर्च्या खाली ठेवल्या. मी त्यांच्याकडे बघत होतो. त्यांनी मला पाहिलं की नाही ते सांगता येत नाही. ते टेबलाजवळ आले, कापड उचलून आत शिरले आणि गुडघ्यांवर बसले. काही क्षणांनी दिवे पुन्हा फिरू लागले. ते बाहेर आले नाहीत. वायर हाताने दाबून धरावी लागत असणार. निळ्या कापडाखालून त्यांच्या पायांचे तळवे तेवढे दिसत होते.

पाहुणे समोर येऊन थांबले. मुलीने माहिती सांगायला सुरुवात केली, पण मध्येच खाली वाकून हळूच म्हणाली, "काका, सोडू नका हं."

आतून आवाज आला, "नाही सोडत."